रिसेप्शनच्या टेबलांवर काचेतल्या मेणबत्त्या: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रिसेप्शनला टेबलांवर छोट्या काचेच्या ग्लासात मेणबत्त्या लावायच्या असं घरात ठरलं, की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठून आणायच्या?" तो प्रश्न सहज सुटतो. आधी सोडवायचे प्रश्न वेगळेच आहेत: त्या जागेत रात्री वारा कुठून येतो आणि तिथले कोणते दिवे बंद करता येतात. या दोन गोष्टी बघून मेणबत्त्या घेतल्या तर टेबलं खरोखर सुंदर दिसतात. न बघता घेतल्या तर अर्ध्या विझतात आणि उरलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडात दिसतही नाहीत.

भावाच्या रिसेप्शनची टेबलं मी आणि माझ्या चुलत बहिणींनी मांडली होती. तेव्हापासून नात्यात लग्न ठरलं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आपण बोलतोय ते व्होटिव्ह मेणबत्त्यांबद्दल, म्हणजे साधारण दोन इंच उंच आणि दीड इंच जाड अशा बुटक्या मेणबत्त्या, ज्या काचेच्या ग्लासातच जाळायच्या असतात. चर्चमध्ये नवस बोलताना लावतात त्यांच्या या बहिणी. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला सप्टेंबरात गेलात तर मेणबत्त्यांचे आणि मेणाच्या हातापायांचे, घरांचे स्टॉल दिसतील. वसई-गोव्याकडच्या लग्नांत टेबलावर मेणबत्ती ही नवी गोष्ट नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि लॉनवर मात्र ती अलीकडे आली, म्हणून तिथली सोय आपल्यालाच करून घ्यावी लागते.

आधी जमवायचं सामान आणि कागद

- मेणबत्त्या: टेबलं × ३, वर दहा टक्के जास्त
- तेवढेच जाड बुडाचे काचेचे ग्लास, वर पाच-सहा जादा
- प्रत्येक टेबलासाठी एक स्टीलची किंवा पितळेची ताटली, नाहीतर गोल आरसा
- लांब दांड्याचे, ज्योत येणारे लायटर दोन
- विझवायला दांड्याचं झाकण, नसेल तर मोठा डाव
- वात कापायला नखं कापायचं यंत्र
- जाड सुती नॅपकिन चार-पाच आणि एक बादली पाणी, नॅपकिन ओले करायला
- रिकामी खोकी आणि जुनी वर्तमानपत्रं
- कार्यालयाची लेखी परवानगी, डिपॉझिटची पावती, डेकोरेटरशी ठरलेल्या गोष्टींचा कागद

लायटरबद्दल एक सूचना. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमधून नुसती ठिणगी पडते, त्याने वात पेटत नाही. ऐन वेळी कोणीतरी तोच घेऊन येतं. काड्यापेटीही नको: खोल ग्लासात काडी घालताना बोट भाजतं आणि तुटलेली काडी मेणात राहते.

१. जागा रिसेप्शनच्या वेळेला जाऊन बघा

बुकिंग करताना आपण बहुतेक दुपारी जातो. मेणबत्त्यांसाठी मात्र संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा एकदा जा, जमलं तर दुसऱ्या कोणाचा समारंभ चालू असताना.

लॉन असेल तर उभे पंखे आणि कूलर कुठे लावतात ते विचारा. मे महिन्यात हे पंखे हवेतच, त्यांच्यावाचून पाहुणे बसणार नाहीत. मग पंख्याच्या झोतातल्या टेबलांवर मेणबत्ती ठेवायचीच नाही, तिथे फुलं ठेवा. एसी हॉल असेल तर छतावरच्या जाळ्या बघा. जाळीच्या थेट खाली ज्योत सतत एका बाजूला झुकते, काच काळी होते आणि मेण एका बाजूने वितळतं. खात्री करायची असेल तर एक मेणबत्ती ग्लाससकट घेऊन जा आणि चार-पाच ठिकाणी पेटवून प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं बघा. अर्थात मॅनेजरला विचारून.

आता दिव्यांबद्दल. मेणबत्तीचा उजेड पिवळट-नारिंगी आणि फार थोडा असतो. वर पांढरे एलईडी आणि स्टेजच्या बाजूने फोकस चालू असतील तर शंभर मेणबत्त्या लावूनही फरक दिसत नाही. म्हणून मॅनेजरला नेमकं विचारा: टेबलांच्या भागातले दिवे वेगळ्या बटणावर आहेत का? मंद होतात का? पिवळे दिवे आहेत का? व्हिडिओवाल्यांशीही आधी बोला, कारण ते त्यांचे मोठे दिवे पाहुण्यांवर फिरवतात. स्टेजवर भरपूर उजेड आणि टेबलांकडे कमी, अशी वाटणी जमत असेल तरच पुढे जा. जमत नसेल तर तो खर्च फुलांवर करा, असं मी स्पष्ट सांगते.

डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो, मेमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो. उन्हाळ्यातल्या लॉनवर साडेसातच्या आधी मेणबत्त्या पेटवणं म्हणजे मेण वाया घालवणं.

२. परवानगी लेखी घ्या

"चालेल हो, काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर पुरेसं धरू नका. बुकिंग करणारा माणूस वेगळा असतो आणि त्या रात्री ड्यूटीवर वेगळा. एका कार्यालयात आमच्या नातेवाइकांना सगळी टेबलं मांडून झाल्यावर सुपरवायझरने उघडी ज्योत चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि कागद नसल्यामुळे काही बोलताच आलं नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या: काचेच्या ग्लासातल्या मेणबत्त्या, अमुक टेबलांवर, अमुक वेळेत, कार्यालयाला मान्य. मेण सांडून टेबलक्लॉथ खराब झाल्यास डिपॉझिटमधून किती कापणार हेही त्यातच येऊ द्या.

आगीच्या बंदोबस्ताबद्दल विचारायला संकोचू नका. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचं असतं. ते बघायला मागा. अग्निशामक सिलिंडर कुठे टांगलेत आणि त्यांच्यावरची तारीख काय आहे, हे स्वतः फिरून बघा. सिलिंडरसमोर डेकोरेटरने पडदा लावलेला नसावा.

मांडवाचं कापड, स्टेजचे पडदे, प्रवेशाची कमान या कशाहीजवळ खरी ज्योत नको. तिथे बॅटरीवालेच दिवे.

३. टेबलं मोजा, पंगत वगळा

पाच फुटी गोल टेबलाला साधारण आठ खुर्च्या बसतात, सहा फुटीला दहा. बुफे असेल तर हीच टेबलं मेणबत्त्यांसाठी योग्य, कारण मध्ये दीड-दोन फुटांची जागा मोकळी राहते. तरीही तिथे पाण्याच्या बाटल्या येणार, टिश्यूचा डबा येणार. केटररला आधीच सांगा की टिश्यूचा डबा मध्यभागी ठेवायचा नाही. वाऱ्याने उडालेला टिश्यू हा टेबलावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

पंगतीच्या अरुंद टेबलांवर मेणबत्ती अजिबात नको. वाढपी वाकून वाढतात, तुपाची वाटी आणि भाताचं पातेलं ज्योतीवरून जातं. तिथे ताटाभोवती रांगोळी आणि उदबत्तीचं घर हेच शोभतं.

लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी दोन-तीन टेबलं बिनमेणबत्तीची ठेवा आणि मुलांच्या आयांना तिकडे बसवा.

४. मेणबत्ती: वजन बघून घ्या

दोन पर्याय असतात. एक व्होटिव्ह, ती आठ-दहा तास सहज जळते. दुसरी टी-लाइट, ॲल्युमिनियमच्या वाटीतली चपटी मेणबत्ती. तीत बारा-चौदा ग्रॅम मेण असेल तर ती चार तासांच्या आसपास चालते. रिसेप्शन सात ते साडेदहा असेल तर चांगली टी-लाइटही पुरते. पण बाजारात दिसायला तेवढ्याच आणि मेण कमी अशा टी-लाइट भरपूर मिळतात. त्या साडेनऊला विझायला लागतात, आणि तेव्हाच गर्दी सगळ्यात जास्त असते.

यावर उपाय म्हणजे घरातला वजनकाटा. छोटी मेणबत्ती तासाला साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम मेण खाते. पाकिटातली एक मेणबत्ती (टी-लाइट असेल तर वाटीतून काढून) वजन करा, टी-लाइट असेल तर साडेतीनाने आणि व्होटिव्ह असेल तर पाचाने भागा, साधारण इतके तास धरा. शिवाय घाऊक घेण्याआधी एकच पाकीट आणून त्यातल्या तीन घरी शेवटपर्यंत जाळून बघा. तिन्हींच्या वेळेत खूप फरक पडला तर तो माल घेऊ नका.

प्लॅस्टिकच्या पारदर्शक वाटीतल्या टी-लाइट दिसायला छान असतात, पण जेवणाच्या टेबलावर मी त्या ठेवत नाही. सुवासिक तर नकोच. मोगऱ्याचे गजरे, अत्तर, बिर्याणी आणि वर व्हॅनिला, असं एकत्र झालं की डोकं दुखतं. बिनवासाच्या, पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या घ्या.

पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास घाऊक मिळतात. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांचा सनराइज कँडल्स हा उद्योग आहे, तिथे दृष्टिहीन कारागीर मेणबत्त्या बनवतात. वेळ हाताशी असेल तर अशा ठिकाणची ऑर्डर द्यावी असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यातलं लग्न असेल तर खोकी गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. मेण वितळायच्या बऱ्याच आधी मऊ पडतं, मेणबत्त्या वाकड्या होतात आणि एकमेकींना चिकटतात. नागपूर, अकोल्याकडे तर खोकं घरातल्या थंड खोलीतून थेट हॉलमध्येच न्या.

५. ग्लास: इथे घाई करू नका

व्होटिव्हचं सगळं मेण पातळ होतं आणि ग्लासच ते धरून ठेवतो. म्हणून ग्लास मेणबत्तीला बेताचा हवा. फार रुंद असेल तर मेण पसरतं, वात आडवी होते आणि मेणबत्ती बुडून विझते.

उंचीचं गणित ज्योतीवरून करा. मेणबत्ती ठेवल्यावर ज्योतीचं टोक ग्लासच्या काठाच्या निदान एक इंच खाली राहिलं पाहिजे. कारण आपल्या साड्या. काकू टेबलापलीकडच्या कोणाला तरी हात द्यायला वाकतात आणि खांद्यावरचा पदर सरळ टेबलाच्या मध्यावर येतो. पैठणीचं रेशीम चटकन पेट घेत नाही, पण जॉर्जेट, नेट, सिंथेटिक ओढण्या वितळून अंगाला चिकटतात. उंच काठाचा ग्लास असेल तर पदर काठावरून घसरतो, ज्योतीला लागत नाही. तरी काठावर गरम हवा असतेच, म्हणून ग्लास टेबलाच्या कडेपासून हातभर आत.

काच जाड बुडाची घ्या. पाणी प्यायचे पातळ ग्लास, दांड्याचे वाइन ग्लास तडकतात, कारण मेणबत्ती तळाला आल्यावर एकाच जागी उष्णता साठते. ॲक्रिलिकचे "न फुटणारे" ग्लास तर कधीच नकोत. प्रत्येक ग्लास उजेडासमोर धरून बघा, काठावर बोट फिरवा. बारीक चीर असलेला बाजूला काढा. भाड्याने घेत असाल तर हे जास्तच जरूर.

रंग म्हणाल तर झेंडूच्या सजावटीबरोबर सोनेरी किंवा मधाच्या रंगाची काच फार खुलते. पांढऱ्या निशिगंधाबरोबर साधी पारदर्शक. दुधी काचेत ज्योत दिसत नाही, पण सगळा ग्लास उजळतो आणि मेणाचा ओघळ लपतो.

६. मांडणी

टेबलाच्या मध्यावर ताटली किंवा आरसा ठेवा आणि त्यावर तीन ग्लास, एकमेकांपासून चार इंच अंतरावर. अगदी जवळ ठेवले तर एकमेकींच्या उष्णतेने मेण भराभर वितळतं. आरशाने उजेड दुप्पट वाटतो आणि सांडलेलं मेण कापडावर जात नाही. घरात आजीच्या जुन्या पितळी ताटल्या असतील तर त्या चिंच लावून लखलखीत करा. आरशापेक्षा मला त्याच आवडतात, पितळेवरचा उजेड जास्त ऊबदार दिसतो.

फुलं ताजी, ग्लासच्या बाहेर आणि काठाच्या खाली. सुटी पाकळी ग्लासात पडली तर ती दुसरी वात बनते आणि ज्योत एकदम मोठी होते. कापडी आणि प्लॅस्टिकची फुलं, नेटचे बो, कागदी नावाच्या पाट्या या सगळ्या मेणबत्तीपासून हातभर दूर.

मेणबत्त्यांची संख्या ठरवताना उष्णतेचाही विचार करा. एक छोटी मेणबत्ती साधारण चाळीस वॅट उष्णता देते. तीस टेबलांवर नव्वद मेणबत्त्या म्हणजे जवळपास एक टनाच्या एसीचं काम वाढलं. छोट्या बंद हॉलमध्ये हे जाणवतं. तिथे टेबलागणिक एकच ठेवा.

७. त्या दिवशीचा क्रम

मेणबत्त्यांचं काम दोन माणसांना द्या, आणि ती वधूवरांची सख्खी भावंडं नकोत. त्यांना फोटोला बोलावतात आणि काम अर्धवट राहतं. चुलत-मावस भावंडं किंवा मित्रमैत्रिणी बऱ्या.

दुपारी ग्लासात मेणबत्त्या बसवून घ्या. प्रत्येकीची वात पाच-सहा मिलिमीटरवर कापा, लांब वात धूर सोडते आणि काच काळी करते. मग प्रत्येक वात एकदा पेटवून अर्ध्या मिनिटाने विझवा. जळलेली वात संध्याकाळी लायटर लावताक्षणी पेट घेते, कोरी वात वेळ खाते.

गोरज मुहूर्त आणि रिसेप्शन एकाच हॉलमध्ये असेल तर अक्षता पडून होईपर्यंत ग्लास टेबलांवर आणूच नका. ग्लासात पडलेले तांदूळ वेचत बसावं लागतं.

पाहुणे यायच्या वीस मिनिटं आधी पेटवायला सुरुवात करा, दाराजवळच्या टेबलांपासून आतल्या दिशेने. पुढे दर अर्ध्या तासाला एक फेरी. विझलेली लगेच पेटवा किंवा उचलून न्या. आपल्याकडे लग्नघरात दिवा विझलेला दिसला की मोठ्यांच्या मनाला लागतं, आणि त्यांच्या भावनेचा मान ठेवायलाच हवा. आम्ही प्रवेशाशी तेलाची समई लावतो, ती शेवटपर्यंत तेवत राहील याची जबाबदारी एका आत्याकडे असते. मग टेबलावरच्या मेणबत्त्यांबद्दल कोणी काही म्हणत नाही.

८. हे आधीच बंद करा

वधूवरांच्या एन्ट्रीला होणारा पेपर ब्लास्ट: चमकी आणि कागदाचे तुकडे थेट ग्लासात पडतात. इव्हेंटवाल्यांना सांगा की तो स्टेजपुरताच हवा, नाहीतर नको.

मुलांच्या हातातला स्नो स्प्रे: त्यातला वायू पेट घेतो. ज्योतीवर मारला तर भडका उडतो. हा मी सगळ्यात वर ठेवते. दारातच काढून घ्यायला माणूस नेमा.

गॅसचे फुगे: त्यांत हीलियम आहे की स्वस्तातला हायड्रोजन, हे फुग्याकडे बघून कळत नाही. मेणबत्त्या असतील तर गॅसचे फुगे नाहीत.

मेण पेटलंच, म्हणजे ग्लासभर ज्योत झाली, तर पाणी ओतू नका. पाण्याने जळतं मेण उडतं आणि काच फुटते. वर स्टीलची ताटली झाका किंवा नीट पिळलेला ओला नॅपकिन टाका. हे त्या दोन माणसांनाच नाही, टेबलांवर फिरणाऱ्या वेटरनाही सांगून ठेवा.

बॅटरीवाल्या टी-लाइट लावणार असाल तर त्यातला नाण्यासारखा सेल ही खरी काळजी. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं तेच घ्या आणि रात्री मोजून परत गोळा करा.

९. विझवणं आणि आवरणं

फुंकर मारू नका. पातळ मेण उडतं आणि जळक्या वातीचा वास जेवणाऱ्यांपर्यंत जातो. दांड्याचं झाकण किंवा डाव वर धरा, चार सेकंदांत काम होतं. सगळ्या एकदम विझवू नका, एसी हॉलमध्ये धुराचे सेन्सर असतात. रिकाम्या झालेल्या टेबलांपासून थोड्याथोड्या विझवत चला.

मेण घट्ट होईपर्यंत, निदान अर्धा तास, ग्लास हलवायचे नाहीत. याच वेळी कार्यालयाची माणसं टेबलक्लॉथ ओढायला येतात, म्हणून सुपरवायझरला आधीच सांगा की आधी ग्लास, मग कापड. टेबलक्लॉथवर मेण पडलं असेल तर ओलं असताना पुसू नका. बर्फ फिरवून कडक करा, चमच्याच्या कडेने खरवडा, उरलेला डाग ब्राऊन पेपर ठेवून वरून इस्त्री फिरवून कागदात ओढून घ्या.

घरी आल्यावर ग्लास दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवले की मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने सुटून येतं. ग्लास बाहेर काढून लगेच गरम पाण्यात घालू नका, तडकतील. वितळलेलं मेण बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नका, पाइपमध्ये गोठून बसतं. मेणाचे तुकडे डब्यात जमवा, दिवाळीला पणत्यांत वात घालून पुन्हा वापरता येतात. ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यावर संख्या लिहून ठेवा. पुढच्या लग्नाला नात्यातलं कोणीतरी ते मागणारच आहे.

डिपॉझिट मात्र त्याच रात्री, टेबलक्लॉथ समोर दाखवून, हिशेब करून घ्या. दुसऱ्या दिवशी कापड धुवायला गेलेलं असतं आणि डाग कोणाचा हे सांगता येत नाही.